पिकअपच्या केबिनला आणि हौद्याला बेडलायनर कोटिंग: घरच्या घरी, पण नीट

कोकणात चार-पाच पावसाळे काढलेल्या कुठल्याही पिकअपची ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून पाहा. वरून मॅट कोरडी असते, पण तिच्या पोटाला चिकटलेला फोम मुठीत दाबला तर पाणी निथळतं. त्याखाली क्लचच्या कोपऱ्यात, दाराच्या उंबऱ्यालगतच्या खाचेत आणि सीटच्या ब्रॅकेटभोवती पत्र्याला तपकिरी पापुद्रे आलेले असतात. मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी उचलणाऱ्या गाडीत हे आणखी लवकर होतं. बर्फाचं पाणी मीठ घेऊनच पत्र्यावर बसतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे उन्हाळ्यातही तो पत्रा धड कोरडा होत नाही.

यावर बेडलायनर कोटिंग हा चांगला उपाय आहे आणि ते स्वतः करता येतं. हे पिकअपच्या हौद्यासाठीच निघालेलं जाड, खरखरीत पॉलियुरेथेनचं आवरण आहे. वाळल्यावर ते चिवट राहतं, रंगासारखा त्याचा टवका उडत नाही, चपलेची माती बादलीभर पाण्याने धुऊन निघते. मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्या. गंज थांबवण्याचं काम खालचा साफ पत्रा आणि त्यावरचं एपॉक्सी प्रायमर करतं. बेडलायनर त्या दोघांना ओरखड्यांपासून आणि रोजच्या घासपट्टीपासून सांभाळतं. गंजावर थेट कोटिंग मारलं तर वरून गाडी नवी दिसते आणि खाली पत्रा निवांत सडत राहतो. उघडा गंज निदान डोळ्यांना दिसतो तरी. म्हणून या लेखात कोटिंग मारण्यापेक्षा आधीच्या तयारीवर जास्त लिहिलं आहे. कामाचा वेळही तसाच वाटला जातो.

कोणतं कोटिंग घ्यायचं

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला एकाच डब्यातला: झाकण उघडा, ढवळा, लावा. तो हवेतल्या ओलाव्यावर किंवा पाणी उडून जाऊन वाळतो. लावायला सोपा, पण डिझेल, ब्रेक ऑइल, बॅटरीचं पाणी यांच्यासमोर तुलनेने कच्चा. दुसरा दोन भागांचा, बेस आणि हार्डनर असलेला. राप्टर हे त्यातलं माहितीतलं नाव. त्याच्या बाटलीत ७५० मिली बेस असतो, त्यात २५० मिली हार्डनर ओतायचं, म्हणजे तीनास एक. दुसऱ्या कंपनीचं प्रमाण वेगळं असू शकतं, तेव्हा डब्यावर लिहिलेलं पाळायचं. तिसरा प्रकार म्हणजे गरम करून मोठ्या दाबाने फवारलेलं पॉलियुरिया. ते काही सेकंदांत घट्ट होतं, त्याची मशिनरी वेगळी असते, ते घरी होत नाही.

माझं मत दोन भागांच्या कोटिंगच्या बाजूने आहे. मेहनत तेवढीच लागते आणि टिकाऊपणात फरक मोठा पडतो.

रंग निवडताना बहुतेक जण डोळे मिटून काळा घेतात. केबिनसाठी मी मध्यम राखाडी सुचवीन. काळ्यावर गंजाचा ओघळ दिसत नाही, राखाडीवर लगेच दिसतो. शिवाय रात्री सीटखाली पडलेला बोल्ट सापडतो. रंग घालून मिळणारं कोटिंग नसेल तर टिंट करता येणारा बेस मिळतो. टिंट किती घालायचं याची मर्यादा डब्यावर दिलेली असते, ती ओलांडली की कोटिंग मऊ राहतं.

किती माल लागेल हे दुकानदारावर सोडू नका, हिशोब सोपा आहे. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर एक मिलिमीटर होतो. आपल्याला दोन हात मारायचे आहेत, प्रत्येक ओला थर सरासरी पाव मिलिमीटरचा. म्हणजे चौरस मीटरला अर्धा लिटर. दोन सीटच्या पिकअपमध्ये तळ, मधला उंचवटा, पेडलांमागची भिंत आणि सीटमागची खालची पट्टी धरून साधारण साडेतीन चौरस मीटर भरतं, त्याला पावणेदोन लिटर. रोलरमध्ये, डब्यात राहणारा माल धरून दोन लिटर आणा. हौदा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि फाळके दीड फूट उंच असतील तर एकूण सुमारे ९३ चौरस फूट होतं, म्हणजे ८.६ चौरस मीटर. त्याला सव्वाचार लिटरच्या आसपास लागेल. तुमची गाडी टेपने मोजा आणि हेच गणित मांडा.

दिवस कोणते धरायचे

हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते पाण्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, म्हणजे थरात बारीक बुडबुडे आणि टाचणीएवढी भोकं. पत्र्यावर घाम धरलेला असेल किंवा हवा दमट असेल तर कितीही महाग माल आणलात तरी हे होणारच. म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. ऑक्टोबरच्या उन्हाळीतही किनाऱ्यावर हवा ओली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, पण थंडीत पहाटेचं दव असतं. दहा वाजल्यानंतर, पत्रा हाताला कोरडा आणि कोमट लागू लागल्यावर सुरुवात करा आणि चार वाजेपर्यंत शेवटचा हात संपवा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त हवं असा रंगकामातला नियम आहे. फोनवरच्या हवामानात आर्द्रता आणि दवबिंदू दोन्ही दिसतात.

घाटावर, सांगली-सोलापूरकडे, अडचण उलटी असते. तिथे मार्चनंतर उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. तापलेल्या पत्र्यावर वरची साय आधी वाळते आणि आतला सॉल्व्हंट कोंडून फोड येतात. गाडी सावलीत घ्या, पत्रा ३५ अंशांच्या खाली येऊ द्या. उन्हाळ्यात डब्यात कालवलेला मालही लवकर आटतो, तेव्हा एका वेळी थोडाच कालवा.

केबिन रिकामी करणं

सुरुवात बॅटरीपासून. निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि एअरबॅग असलेली गाडी असेल तर निदान दहा मिनिटं काहीही न उचकटता थांबा. एअरबॅगच्या वायरींचे कनेक्टर पिवळे असतात. ते दिसले की ओढाताण नाही. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक वेळा मधल्या उंचवट्यावर बसवलेला असतो, त्याच्या आसपास हातोडा चालवायचा नाही.

मग सीट, सीटबेल्टचे खालचे बोल्ट, उंबऱ्याच्या प्लॅस्टिक पट्ट्या, गिअरचं बूट, मॅट, फोम. प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. सीटबेल्टचे बोल्ट इतर बोल्टांत मिसळू देऊ नका. त्यांचा आटा बारीक असतो आणि त्याच जागी तोच बोल्ट गेला पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढत जा, विशेषतः वायरिंग कुठून कुठे जातं त्याचे.

कंपनीने बऱ्याच गाड्यांत तळावर डांबरी पॅड चिकटवलेले असतात, आवाज कमी करायला. ते घट्ट दिसले तरी काढावे लागतात. बेडलायनरमधला सॉल्व्हंट डांबराला विरघळवतो, तपकिरी डाग वर येतो आणि उन्हात डांबर मऊ झालं की वरचा थर तडकतो. हीट गनने थोडं गरम करून स्क्रॅपर आडवा धरला की पॅड पट्टीपट्टीने सुटतं. उरलेला चिकटा रॉकेलने किंवा मिनरल टर्पेंटाइनने निघतो. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो, तो नंतर धुऊन काढायचाच.

तळाला रबराची गोल बुचं असतात. पाणी काढायची ती भोकं. ती काढून ठेवा. कोटिंग झाल्यावर पुन्हा बसवायची आहेत, कोटिंगखाली गाडायची नाहीत.

आता धुलाई. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, खरखरीत ब्रश. मासळीच्या गाडीला एका धुण्यात मीठ जात नाही. दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने भरपूर धुवा. वायरिंगचे कनेक्टर त्याआधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर बांधून ठेवा. दारं उघडी टाकून गाडी पूर्ण वाळू द्या. पत्र्यांच्या सांध्यांत पाणी लपतं, तिथे हीट गन फिरवा.

गंज

इथे घाई करायची नाही. मोठा स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने तळ टोकत जा. चांगला पत्रा खणखणतो. खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. शंका आली तिथे ड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर तो पत्रा गेलाच असं समजा. मग एकाने रात्री गाडीखाली जाऊन टॉर्च मारायचा आणि दुसऱ्याने केबिनमधून पाहायचं. टाचणीएवढं भोकही चांदणीसारखं दिसतं. दिसलं तिथे खडूने गोल करा.

भोकं पडलेली जागा लांबीने किंवा फायबरने बुजवून वर कोटिंग मारायचा मोह होतो. नका करू. खाल्लेला भाग कापून १८ किंवा २० गेजचा तुकडा वेल्ड करून घ्या. हे वेल्डरचं काम आहे, त्याला गाडीपाशी बोलवा किंवा गाडी न्या. पण त्याआधी तळाखालून डिझेलच्या, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून गेलंय हे स्वतः पाहून त्याला दाखवा. सीएनजी गाडीला वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करायचं असेल तर आधी अधिकृत सीएनजी फिटरकडून गॅसची यंत्रणा मोकळी करून घ्या. सीटबेल्ट किंवा सीटचा ब्रॅकेट जिथे पकडतो तो पत्राच सडला असेल तर घरगुती काम तिथेच थांबवायचं. अपघातात माणसाला धरून ठेवणारी जागा ती आहे, ती जाणकाराकडूनच करून घ्या.

बाकीचा गंज ग्राइंडरवर वायरचा कप ब्रश लावून, कोपऱ्यात हातब्रशने, पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. ठिणग्या काचेवर उडाल्या तर काचेत रुततात आणि मग ते ठिपके कधीच जात नाहीत. पुढच्या काचेवर, डॅशबोर्डवर ओली गोधडी टाका. चष्मा घालाच, कप ब्रशच्या तारा सुटून उडतात.

घासूनही पत्र्याच्या खळग्यांत काळे ठिपके राहतात. त्यांच्यासाठी फॉस्फरिक ॲसिडवालं गंज काढायचं द्रावण मिळतं. ब्रशने लावा, डब्यावर दिलेला वेळ ठेवा, चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच हीट गनने वाळवा. ॲसिडचा अंश राहिला तर त्यावर एपॉक्सी नीट धरत नाही. उघडा पडलेला पत्रा दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होऊ लागतो, म्हणून घासणं आणि प्रायमर एकाच दिवसात बसतील असं काम आखा. जमणार नसेल तर अर्ध्याच भागाचं घ्या.

कंपनीचा मूळ रंग जिथे शाबूत आहे तिथे तो काढायची गरज नाही. १८० ते २४० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायचा. बोट फिरवल्यावर सगळीकडे सारखा खरखरीत लागला पाहिजे. पण मधे कधी कुणी पेंटरने हात मारलेला असेल तर थिनरची चाचणी करा: चिंधी थिनरमध्ये भिजवून अर्धा मिनिट त्या जागी दाबून ठेवा, मग चोळा. रंग चिंधीला आला किंवा सुरकुतला तर तो सगळा काढायचा. तसाच सॉल्व्हंट बेडलायनरमध्येही असतो, तिथेही तो तसाच सुटणार.

प्रायमर आणि सांधे

आपल्याकडे पत्रा उघडा पडला की पहिलं नाव निघतं रेड ऑक्साइडचं. ग्रिलला, गेटला ते ठीक आहे. इथे नको. साधं रेड ऑक्साइड दोन भागांच्या पॉलियुरेथेनखाली सुरकुततं आणि वरच्या थरासकट पापुद्र्यासारखं निघतं. तीच गोष्ट एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीची. गॅरेजमधला जुना पेंटर प्रेमाने सांगेल की आम्ही वर्षानुवर्षं हेच वापरतो, आणि साध्या रंगाखाली ते चालतही असेल. या कोटिंगखाली दोन भागांचं एपॉक्सी प्रायमरच हवं.

प्रायमरच्या आधी न विरघळणाऱ्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने ग्रीस काढायचं सॉल्व्हंट फिरवा. एक कापड ओलं, दुसरं कोरडं: ओल्याने डाग सोडवायचा आणि तो वाळायच्या आत कोरड्याने उचलायचा. एकाच कापडाने पुसत राहिलं तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. त्या दिवशी गाडीजवळ डॅशबोर्ड पॉलिशची बाटली उघडू नका. त्यात सिलिकॉन असतं, त्याचा अंश पत्र्यावर आला तर कोटिंग माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे धरतं.

एपॉक्सीचे दोन पातळ हात पुरतात. ते हाताला चिकटेनासं झालं की पत्र्याचे सांधे पाहा. कंपनीचं सीलर जिथे फाटलंय, जिथे नवा तुकडा वेल्ड केलाय, तिथे पॉलियुरेथेन सीम सीलर भरा, सिकाफ्लेक्ससारखं. बोटाने दाबून सांध्यात बसवा आणि कडा पातळ करा. बांधकामातलं सिलिकॉन सीलंट कदापि नाही, त्यावर कुठलाही रंग धरत नाही.

एपॉक्सीवर पुढचा थर किती तासांत, किती दिवसांत द्यायचा ते डब्यावर असतं. ती मुदत गेली तर पुन्हा २४० ने हलकं घासून, पुसून घ्यायचं.

काय झाकायचं नाही

मास्किंग टेप लावायला एक दुपार गेली तरी जाऊ दे. सीटबेल्टच्या आणि सीटच्या बोल्टांचे आटे जुने बोल्ट सैलसर लावून बंद करा आणि त्यांच्या भोवतीची वॉशर बसण्याची जागा टेपने गोल झाका. तिथे मऊ थर राहिला तर बोल्ट आवळल्यावरही कालांतराने ढिला पडतो. अर्थिंगच्या वायरी जिथे पत्र्याला पकडतात ती जागा उघडी धातूच राहिली पाहिजे, नाहीतर मग लाइट मंद, सेन्सर वेडेवाकडे आणि कारण सापडत नाही. पेडलांचे सांधे, ॲक्सिलरेटर खाली जिथे टेकतो ती जागा, दाराच्या रबराची कडा, पाण्याची भोकं, वायरिंगचे ग्रोमेट (वायर पत्र्यातून जाते तिथली रबरी कडी), हे सगळं झाका.

आणि चेसिस नंबर. काही गाड्यांत तो केबिनच्या तळाशी, सीटखाली कोरलेला असतो, काहींत चेसिसच्या दांडीवर. आरसी बुकाशी ताडून आधी शोधा, त्यावर ग्रीस लावून टेप मारा. फिटनेसला गेल्यावर कोटिंगखाली बुजलेला नंबर दाखवायची वेळ कुणावर येऊ नये.

डॅशबोर्ड आणि दाराची प्लॅस्टिक पॅनलंही याच मालाने रंगवायचा काहींचा बेत असतो. प्लॅस्टिकला रंग धरावा म्हणून आधी वेगळं अधेजन प्रमोटर लावावं लागतं आणि खरखरीत पृष्ठभाग कोपराला रोज घासतो. मी तिथे हात लावणार नाही.

फुप्फुसं आधी

आयसोसायनेटला हलक्यात घेऊ नका. ते श्वासातून गेलं तर शरीर त्याला संवेदनशील होऊ शकतं, आणि एकदा तसं झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येतो. ही संवेदनशीलता सहसा जन्मभर राहते. त्याचा वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा आधीच ओलांडलेली असते, म्हणून वासावर विसंबता येत नाही. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज आणि धुळीचं फिल्टर दोन्ही असलेला रबरी रेस्पिरेटर लागतो, आणि दाढी असेल तर तो चेहऱ्याला बसत नाही. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद चष्मा. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

याच कारणाने केबिनमध्ये मी स्प्रे गनच्या विरुद्ध आहे. गनने पोत सुरेख येतो, पण छोट्या जागेत उडालेल्या धुक्यापासून वाचायला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, जो घरी कुणाकडे नसतो. रोलर आणि ब्रशने काम केलं तर धुकं उडत नाही, फक्त वाफ सांभाळायची. दोन्ही दारं सताड उघडी, गाडी उघड्यावर किंवा मोकळ्या पडवीत, वाऱ्याची दिशा पाठीमागून दारातून बाहेर. सॉल्व्हंटची वाफ पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. तेव्हा केबिनमध्ये टेबल फॅन, बल्बचं होल्डर, चार्जर, विडी-सिगारेट काही नको. मुलांना त्या दिवशी अंगणातून लांब ठेवा.

प्रत्यक्ष कोटिंग

रोलर आणताना दुकानातूनच दोन जादा घ्या आणि एक थिनरमध्ये तासभर बुडवून ठेवा. स्वस्त फोमचे रोलर विरघळून चिकट लगदा होतात, आणि हे अर्ध्या तळावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं. भिंतीच्या टेक्स्चरसाठी मिळणारा चार इंची मोठ्या छिद्रांचा रोलर यासाठी छान. कोपऱ्यांसाठी एक आणि दोन इंची ब्रश.

बेसची बाटली आधी दोन मिनिटं जोरात हलवा. खरखरीतपणा देणारे कण तळाशी बसलेले असतात. मग हार्डनर ओतून पुन्हा दोन मिनिटं. एका वेळी अर्धा लिटर पुरे: माप असलेल्या भांड्यात ३७५ मिली बेस आणि १२५ मिली हार्डनर. अंदाजाने ओतू नका. हार्डनर कमी पडलं तर थर कायम चिकट राहतो, जास्त झालं तर ठिसूळ होतो.

पहिल्यांदा ब्रशने सगळे कोपरे, वेल्डचे सांधे, ब्रॅकेटच्या कडा रंगवून घ्या. कडेवरून रंग स्वतःहून मागे सरतो आणि तिथेच सगळ्यात पातळ राहतो. गंजाची सुरुवातही तिथूनच होते. मग रोलर. सर्वात लांबच्या जागेपासून, म्हणजे पेडलांमागच्या भिंतीपासून सुरू करा आणि दाराकडे मागे सरत या. पहिला हात पातळ मारायचा. खालचं प्रायमर कुठे कुठे दिसत राहिलं तरी चालेल. रोलर एका जागी पुन्हा पुन्हा फिरवला तर कण एकीकडे गोळा होतात आणि माल ओढला जातो. माल ठेवायचा, एकदा पसरवायचा, एकदा उलट दिशेने हलकं फिरवून सोडून द्यायचं. मधून मधून भांडं ढवळत राहा.

२० अंशांच्या आसपास तासाभराने दुसरा हात देता येतो, गरम हवेत थोडा लवकर. खूण अशी: हातमोज्याचं बोट टेकवलं तर चिकटपणा जाणवतो, पण माल बोटाला येत नाही. दुसरा हात जाड, पहिल्याच्या आडव्या दिशेने. पोत हवा तसा या हातात आणायचा. रोलर सावकाश उचलला की टोकं उभी राहतात. केबिनमध्ये फार टोकदार पोत नको, पुसताना फडकं अडकतं. पहिल्या थराला डब्यावर दिलेल्या मुदतीपेक्षा, साधारण एका दिवसापेक्षा, जास्त वेळ गेला तर मधे घासणं भाग आहे.

शेवटच्या हातानंतर टेप लगेच काढायला घ्या, थर अजून ओलसर असताना, टेप स्वतःवरच मागे दुमडत. पूर्ण वाळल्यावर काढायला गेलात तर कोटिंगची कड टेपबरोबर फाटत येईल. कुठे तशी वेळ आलीच तर कडेवर आधी कटर फिरवा.

उरलेला कालवलेला माल झाकण लावून ठेवू नका. तो आतल्या आत तापतो, वायू धरतो आणि डबा फुगून फुटू शकतो. उघड्यावर घट्ट होऊ द्या, मग कचऱ्यात. न कालवलेल्या हार्डनरचं झाकण मात्र लगेच घट्ट बंद करा. फुगलेली हार्डनरची बाटली पुन्हा वापरायची नाही.

हौदा

केबिन जमली तर हौदा सोपा वाटेल, कारण वाकून काम नाही आणि हवा मोकळी. तयारी तीच. फरक इतकाच की इथला पत्रा ठोकरा खाऊन वाकडातिकडा झालेला असतो आणि आडव्या पट्ट्यांच्या खोबणीत मातीबरोबर मीठ बसलेलं असतं, तेव्हा घासणं जास्त. फाळक्याचे बिजागरे आणि कडीचे पिन उघडे ठेवा, नाहीतर फाळका पडेना की लागेना. पाणी जायची भोकं इथेही मोकळी. खडी, चिरे, लोखंड वाहणारी गाडी असेल तर तळावर तिसरा हात द्या, फाळक्यांना दोन पुरे. जांभ्याचे चिरे तर पत्र्यावरून ओढत नेले जातात, तिथे जाड थराशिवाय निभाव नाही. उघड्यावर गनने फवारायची सोय असेल तर ४० ते ६० पीएसआय दाबावर, हातभर अंतरावरून. रेस्पिरेटर तरीही हवाच, आणि शेजारच्याची गाडी वाऱ्याच्या दिशेत नको.

आतून कोटिंग केलं म्हणजे खालून येणारा चिखल थांबत नाही. चाकांच्या कमानी आणि तळाची खालची बाजू यांना वेगळं अंडरबॉडी कोटिंग लागतं. उंबऱ्याच्या पोकळ पेटीत बेडलायनर जात नाही, तिथे नळीने आत फवारायचं कॅव्हिटी वॅक्स घाला.

त्यानंतरचा आठवडा

दुसऱ्या दिवशी पाय ठेवता येतो, पण तेवढ्याने कोटिंग पक्कं झालं असं नाही. दोन-तीन दिवस हलका वापर, जड माल आणि पाणी पाच ते सात दिवसांनी. तोवर दिवसा दारं उघडी ठेवा म्हणजे वास निघून जाईल. सीट बसवताना बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. सीटबेल्टच्या बोल्टांना तर टॉर्क पानाच लावा, नसेल तर गॅरेजमधून आवळून घ्या. महिन्याभराने सगळे बोल्ट पुन्हा तपासा. पाण्याची बुचं बसवली का, हे बॅटरी जोडण्याआधी पाहा.

जुना फोम आणि कार्पेट परत टाकू नका. सुटी रबर मॅट पुरे, जी आठवड्याला उचलून झटकता येते. मासळीच्या गाडीत फेरी संपली की गोड्या पाण्याने हौदा धुवा. मीठ कोटिंगला खात नाही, पण जिथे खोल ओरखडा पडलाय तिथून ते खाली शिरतं. असा ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात १२० नंबरच्या पेपरने कडा घासून, पत्रा उघडा असेल तर थोडं एपॉक्सी लावून, वर ब्रशने दोन ठिपके द्या. त्यासाठी न कालवलेला पाव लिटर माल आणि हार्डनर वेगवेगळे, सावलीत, बाजूला काढून ठेवा. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा.